तेरणाकाठचे उद्योग आणि गोरोबांची कथा : व्यवसायभाषेच्या अंगाने एक वाचन

प्रस्तावना

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेर या गावाची ओळख दोन प्रकारे सांगितली जाते. प्राचीन इतिहासाच्या अभ्यासकाच्या लेखी ते सातवाहनकालीन 'तगर' होय. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाच्या लेखी ते गोरोबाकाकांचे गाव आहे. या दोन ओळखी सहसा वेगवेगळ्या अभ्यासक्रमांत शिकवल्या जातात. तगर म्हटले की खापरे, मणी आणि हस्तिदंती मूर्ती यांची चर्चा होते, तर गोरोबा म्हटले की भक्ती, वैराग्य आणि चमत्कार यांची. दोन्हींच्या मुळाशी तेरणा नदीच्या काठावर चालणारे हातांचे काम आहे, ही गोष्ट मात्र दोन्हीकडे मागे पडते.

प्रस्तुत लेखात तेरच्या औद्योगिक भूतकाळाचा एक आढावा घेऊन त्याच्या प्रकाशात गोरोबाकथेतील तीन प्रसंगांचा विचार करावयाचा आहे. संतकथेतील व्यवसाय केवळ रूपकाचा पुरवठा करतो, असे गृहीत धरून आपण ती वाचतो. गोरोबाकथेत कामाची प्रक्रिया, कामाची जागा आणि कामातील धोका यांची जी नेमकी जाण आहे, ती या गृहीतामुळे निसटते. ती जाण ध्यानात घेतली तर कथेचा आध्यात्मिक अर्थही अधिक स्पष्ट होतो, असे येथे दाखवावयाचे आहे.

1. तगर : नाव आणि माल

'तगर' आणि 'तेर' यांची एकरूपता 1901 मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी मांडली. त्यापूर्वी तगर म्हणजे देवगिरी, जुन्नर किंवा धारूर असावे, अशी मते पुढे आली होती. धारूरचा पर्याय रा. गो. भांडारकरांनी सुचवला होता. फ्लीट यांच्या मताला भाषाशास्त्राचा चांगला आधार आहे. प्राकृतात दोन स्वरांमधील 'ग' लोप पावतो, त्यामुळे 'तगर'चे 'तअर', 'तयर' आणि पुढे 'तेर' होते. 'नगर'चे 'नेर' होऊन संगमनेर, पारनेर ही ग्रामनामे सिद्ध झाली, तीच ही वाट आहे. हेन्री कझिन्स यांनी तेरच्या अवशेषांचे वर्णन पुरातत्त्व खात्याच्या 1902-03 च्या अहवालात प्रसिद्ध केले आणि या मताला भौतिक पुराव्याची जोड मिळाली.

तगराच्या मालाविषयीचा सर्वांत जुना लिखित उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात येतो. बॅरिगाझा म्हणजे भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर हे फार मोठे नगर, असे तो सांगतो. पैठणहून गोमेदासारखे मौल्यवान दगड येत. तगरहून साधे कापड विपुल प्रमाणात, मलमलीचे नाना प्रकार आणि 'मोलोखिना' नावाचे वस्त्र येत असे. या शेवटच्या शब्दाचा अर्थ वादग्रस्त आहे. काहींच्या मते तो वनस्पतिजन्य तंतूचा निर्देश करतो, तर काहींच्या मते जांभळट रंगाचा. हा सारा माल गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या प्रदेशांतून भडोचला नेला जाई.

या उल्लेखातील एक तपशील विशेष महत्त्वाचा आहे. पैठणची ख्याती दगडांची आणि तगरची कापडाची, असा भेद ग्रंथकार करतो. शिवाय तगरच्या मालात तो साधे, रोजच्या वापराचे कापडही मोजतो. म्हणजे तगर हे राजेरजवाड्यांसाठी थोडेसे उंची वस्त्र विणणारे गाव नव्हते. तेथे कापडाचे मोठे उत्पादन होत होते. कपाशीला मानवणारी काळी जमीन आणि नदीचे पाणी या दोन्ही गोष्टी त्या परिसरात होत्या.

तेरच्या पांढरीत झालेल्या उत्खननांनी या चित्रात भर घातली. भा. ना. चापेकर यांनी 1958 मध्ये केलेल्या उत्खननाचा अहवाल 1969 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढेही तेथे वेळोवेळी उत्खनने झाली. रंगाईचे हौद म्हणून ओळखले गेलेले बांधकाम, शंखाच्या बांगड्या, काचेचे आणि दगडांचे मणी, हस्तिदंती वस्तू, पांढऱ्या मातीच्या मूर्ती असे विविध उद्योगांचे अवशेष तेरने दिले आहेत. तेरच्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे इटलीतील पाँपेई येथे 1938 मध्ये सापडलेल्या मूर्तीशी असलेले साम्य अभ्यासकांनी नोंदवले आहे. पाँपेई इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, त्यामुळे ही तुलना कालनिश्चितीच्या दृष्टीनेही मोलाची ठरते. डग्लस बॅरेट यांनी 1960 मध्ये तेरवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. गावातील रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंतून तेरचे शासकीय संग्रहालय उभे राहिले. पावसाने धुपलेल्या पांढरीत उघड्या पडणाऱ्या वस्तू जपून ठेवण्याचा त्यांचा ध्यास नसता, तर यातील बराच पुरावा विखुरला असता.

मातीच्या मूर्तींचे तंत्र प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. पांढऱ्या बारीक मातीच्या या मूर्ती दुहेरी साच्यात घडवल्या आहेत. पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळ्या साच्यांत दाबून दोन्ही जोडले जात आणि आतून मूर्ती पोकळ राही. साच्यामुळे एकाच नमुन्याच्या अनेक प्रती काढता येत. हे तंत्र बाजारासाठी उत्पादन करणाऱ्या कारागिराचे आहे. तेरणेच्या काठी मातीचे काम गोरोबांच्या आधी हजार वर्षे आणि तेही व्यापारी प्रमाणावर चालत होते, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

2. नदीचे काम

औद्योगिक शहरांच्या इतिहासात पाण्याचा विचार बहुधा वाहतुकीच्या अंगाने होतो. इंग्लंडमध्ये 1761 मध्ये ब्रिजवॉटर कालव्यातून मँचेस्टरला कोळसा येऊ लागला आणि कालव्याचा काठ हीच पुढे कारखान्यांची वस्ती बनली. तगरच्या बाबतीत हे प्रमाण लावता येत नाही. पेरिप्लसच्या साक्षीने येथील माल गाडीवाटेने जात होता. बालाघाटाच्या डोंगरात उगम पावून मांजरेला मिळणारी तेरणा पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आटते. ती मालाचा मार्ग नव्हती. ती उद्योगाचा घटक होती.

कापूस पिकवण्यापासून कापड रंगवण्यापर्यंतच्या कामांत पाणी पुन्हा पुन्हा लागते. विणलेल्या कापडाची खळ धुऊन काढावी लागते. रंग धरावा म्हणून ते तुरटीसारख्या द्रव्यात भिजवावे लागते. रंगाच्या हौदातून काढल्यावर पुन्हा धुऊन वाळत घालावे लागते. कुंभारकामातही माती भिजवणे, तुडवणे, चाकावर घडवताना हात ओले ठेवणे, यांपैकी काहीही पाण्याशिवाय होत नाही. नदी आणखी एक गोष्ट देते, ती म्हणजे गाळाची माती. विणकर, रंगारी आणि कुंभार यांना एका काठावर बांधून ठेवणारे सूत्र तेरणेचे पाणी हेच होते.

सातवाहनकाळाच्या सुमारास पाण्याचे काम करणाऱ्यांची स्वतंत्र संघटना असल्याचा पुरावा नाशिकच्या लेण्यांत मिळतो. आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या राज्यवर्षातील लेखात निरनिराळ्या श्रेणींकडे कायम ठेव ठेवल्याची नोंद आहे : कुलरिकांच्या श्रेणीकडे 1000 कार्षापण, ओदयंत्रिकांकडे 2000 आणि तिलपिषकांकडे 500. 'कुलरिक' हा शब्द कुलाल, म्हणजे कुंभार या अर्थाने घेतला जातो. 'ओदयंत्रिक' म्हणजे पाण्याची यंत्रे करणारे आणि 'तिलपिषक' म्हणजे तेली. त्याच लेण्यांतील उषवदाताच्या लेखात गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे अनुक्रमे 2000 आणि 1000 कार्षापण ठेवल्याचे सांगितले आहे. त्यांच्या व्याजातून भिक्षूंचा चीवर इत्यादींचा खर्च भागत असे.

हे लेख नाशिकचे आहेत, तेरचे नव्हेत. त्यावरून तेरच्या श्रेणींविषयी थेट विधान करता येणार नाही. तथापि त्या काळात महाराष्ट्रातील कुंभार आणि विणकर यांच्याकडे सामूहिक पत होती आणि त्यांच्या हाती लोक विश्वासाने पैसा ठेवत होते, एवढे त्यांतून स्पष्ट होते. कुंभाराची ही सामाजिक प्रतिमा उत्तरकालीन प्रतिमेहून फार निराळी आहे.

3. श्रेणीपासून बलुत्यापर्यंत

नगर म्हणून तगराचे महत्त्व पुढे ओसरले, तरी नाव टिकून राहिले. कोकण आणि कोल्हापूर येथील शिलाहार राजे 'तगरपुरवराधीश्वर' हे बिरुद अभिमानाने मिरवत होते. तोवर ते तगरपासून दूर राज्य करीत होते, म्हणजे नगराची सत्ता गेली आणि त्याची कीर्ती वंशाचे भूषण म्हणून उरली. गावाच्या नावाला बिरुदात स्थान मिळाले. गावाच्या उद्योगांना मात्र तसे काही मिळाले नाही.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. तगराची ख्याती कापडाची होती. मग मध्ययुगात तेरने मराठी वाङ्मयाला दिलेला संत विणकर किंवा रंगारी न होता कुंभार का असावा? यातील योगायोगाचा भाग मान्य करूनही एक सामाजिक कारण सुचवता येते. दूरच्या बाजारासाठी चालणारा उद्योग त्या बाजारावर जगतो. बाजार तुटला की हस्तिदंताचे कोरीव काम करणारा, मणी घडवणारा, मोठ्या प्रमाणावर कापड रंगवणारा यांचे त्या गावी राहण्याचे कारण संपते. कुंभाराचे तसे नसते. पाणी भरायला घागर, दाणे साठवायला रांजण, लग्नाला बोहल्याची मडकी आणि अंत्यविधीलाही मडके लागते. नगराचे गाव झाले तरी कुंभाराची गरज संपत नाही.

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (1915) या ग्रंथात ही व्यवस्था तपशिलाने आली आहे. बारा बलुत्यांत कुंभाराचे स्थान पक्के आहे. विणकाम करणारा साळी अलुत्यांत येतो, म्हणजे त्याची गावाला असलेली गरज दुय्यम मानली जाते. श्रेणीचा सभासद असलेला, ठेवी स्वीकारणारा कुलाल या प्रवासात बलुतेदार झाला. त्याला सुगीला धान्य मिळू लागले, पण पत आणि संघटना गेली. गोरोबांची कथा ज्या कुंभाराच्या अंगणात घडते ते अंगण या बलुतेदाराचे आहे. तगरच्या मूर्तिकाराचे वैभव तेथे शोधू नये.

हा मधला काळ लहान नाही. परंपरेने मानलेला गोरोबांचा जीवनकाळ इसवी सन 1267 ते 1317 असा आहे, म्हणजे पेरिप्लसपासून बाराशे वर्षे पुढचा. तेव्हा तगरच्या कारागिरांचा अखंड वारसा गोरोबांपर्यंत आला, असे भावनेच्या भरात म्हणणे संशोधनाला सोडून होईल. सातत्य आहे ते पाणी, माती आणि प्रक्रिया यांचे. हे सातत्य मर्यादित असले तरी ते खरे आहे आणि कथेच्या वाचनाला पुरेसे आहे.

4. खड्डा : घर आणि कारखाना

गोरोबांच्या नावावरील उपलब्ध अभंग मोजके आहेत. त्यांत निर्गुणाच्या अनुभवाचा स्वर प्रमुख आहे, कुंभारकामाची उपकरणे फारशी दिसत नाहीत. सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी यांच्या अभंगांत आपापल्या धंद्याची भाषा ठळकपणे येते. गोरोबांच्या बाबतीत ती अभंगापेक्षा कथेत येते. नामदेवांच्या नावावरील अभंगांतून, 1762 मध्ये पूर्ण झालेल्या महीपतींच्या 'भक्तविजय' ग्रंथातून आणि कीर्तनकारांच्या तोंडून ही कथा घडत गेली. साहजिकच तिच्यातील कामाचे ज्ञान हे एका कवीचे नसून ती सांगणाऱ्या आणि ऐकणाऱ्या समाजाचे आहे.

पहिला प्रसंग मूल तुडवले जाण्याचा. पत्नी पाण्याला जाते आणि लहान मुलाला पतीवर सोपवते. गोरोबा नामस्मरणात रंगून चिखल तुडवीत असतात. रांगत आलेले मूल पायांखाली येते आणि त्यांना कळतही नाही.

कीर्तनात या प्रसंगातून देहभान हरपलेल्या भक्ताची अवस्था सांगितली जाते आणि तो अर्थ योग्यच आहे. कामाच्या अंगाने पाहता मात्र त्यात आणखी तीन गोष्टी दिसतात. पहिली गोष्ट तुडवण्याच्या क्रियेची. माती चाळून, तीत राख किंवा लीद मिसळून, भिजवून ती पायांनी तुडवतात. तुडवणाऱ्याचा तळपाय हाच त्याचा डोळा असतो, कारण मातीत राहिलेला खडा पायालाच समजतो. खडा राहिला तर भांडे आव्यात फुटते. म्हणजे ज्याच्या पायांना बारीक खडाही कळावा, त्याला मूल कळले नाही. कुंभारकाम जाणणाऱ्या श्रोत्याला विस्मृतीची ही तीव्रता सांगावी लागत नाही. तिचे माप त्याच्या स्वतःच्या पायांत असते.

दुसरी गोष्ट जागेची. बलुतेदार कुंभाराचे अंगण हेच घर आणि हाच कारखाना असतो. चूल, चाक, मातीचा खड्डा आणि आवा काही पावलांच्या अंतरात असतात. रांगते मूल आणि भिजलेला चिखल यांच्यामध्ये भिंत नसते.

तिसरी गोष्ट पाण्याची. आई त्या क्षणी घरी नाही, कारण ती पाण्याला गेली आहे. घराला पाणी लागते, धंद्याला पाणी लागते आणि ते आणण्याचे काम स्त्रीचे आहे. ती असती तर मूल वाचले असते, हे कथा न सांगता सांगते. दोन माणसांच्या श्रमावर चालणाऱ्या घरात एकाचे हात पाण्यात आणि दुसऱ्याचे पाय चिखलात गुंतले की मुलाकडे पाहायला कोणी उरत नाही. पत्नीचा त्यानंतरचा आक्रोश आणि संताप यांना भक्तिमार्गातील अडथळा मानणारे वाचन तिच्या श्रमाकडे आणि तिच्या नुकसानीकडे पाठ फिरवते. कथेने मात्र तो आक्रोश गाळलेला नाही.

5. थापटणे : परीक्षा की घडण

दुसरा प्रसंग संतांच्या परीक्षेचा. संतमंडळी गोरोबांच्या घरी जमली असता मुक्ताबाई थापटण्याविषयी विचारते. याने मडके कच्चे की पक्के ते कळते, असे उत्तर मिळते. मग गोरोबा एकेका संताच्या डोक्यावर थापटणे मारतात. इतर संत शांत राहतात, नामदेव चिडतात आणि 'कच्चे' ठरतात.

येथे एक तांत्रिक विसंगती आहे. थापटणे ही लाकडी फळी आहे. चाकावरून उतरवलेले मडके थोडे सुकले, की आतून दगडी गोळ्याचा आधार देऊन बाहेरून थापटण्याने ठोकतात. त्याने भिंत पातळ आणि घट्ट होते, पोट गोल होते. ही भाजण्यापूर्वीची क्रिया आहे. भाजलेल्या मडक्याची परीक्षा बोटाच्या पेराने वाजवून करतात. नाद खणखणीत आला तर मडके पक्के, बद्द आला तर कच्चे किंवा तडकलेले. पक्क्या मडक्यावर थापटणे मारले तर ते फुटेल.

कथेने दोन वेगळ्या टप्प्यांवरील क्रिया एकत्र केल्या आहेत. याला कथाकाराचे अज्ञान म्हणता येईल. कुंभारकाम घराघरातून पाहणाऱ्या समाजात ही कथा शतकानुशतके टिकली, हे लक्षात घेता ते स्पष्टीकरण पटत नाही. या संयोगातून निर्माण होणारा अर्थ पाहावा. थापटणे हे मुळात घडणीचे साधन आहे आणि ते ज्याच्यावर चालते ते मडके कच्चेच असते. नामदेवांवर पडलेला घाव त्यांना कच्चे ठरवतो आणि त्याच वेळी त्यांची घडण सुरू करतो. नामदेव त्यानंतर विसोबा खेचरांकडे जातात आणि गुरूपदेशाने 'पक्के' होतात, हा कथेचा पुढचा भाग या वाचनाशी जुळतो. परीक्षेत नापास झालेला एकटाच खऱ्या अर्थाने घडवला जातो. इतर संतांच्या वाट्याला केवळ मान्यता येते, नामदेवांच्या वाट्याला पुढची घडण येते.

'कच्चे मडके' हा शब्दप्रयोग आज अननुभवी माणसाविषयी कुंभारवाड्यापासून दूर राहणारा माणूसही करतो. त्यामागील प्रक्रिया विसरली गेल्याने त्यात फक्त हिणवणूक उरली आहे. मूळ व्यवसायभाषेत 'कच्चे' ही वस्तूची अवस्था आहे. घडण्याची शक्यता फक्त त्याच अवस्थेत असते.

6. हात : उपजीविकेचा प्रश्न

तिसरा प्रसंग गोरोबांचे हात जाण्याचा. पत्नीला स्पर्श न करण्याची शपथ मोडली म्हणून ते आपले हात तोडून घेतात आणि पंढरपुरी कीर्तनात ते पुन्हा उगवतात. व्रताच्या दृष्टीने ही निग्रहाची कथा आहे. कुंभाराच्या दृष्टीने हात जाणे म्हणजे चाक थांबणे, म्हणजे बलुते थांबणे. लोकपरंपरेत विठ्ठल स्वतः कुंभाराच्या रूपाने येऊन गोरोबांच्या घरी राबतो, असे सांगितले जाते. भक्ताचा निग्रह एका बाजूला, पण घर चालायचे कसे, हा प्रश्न कथेला पडला आहे. देवाला तिने मडकी करायला बसवले, यात त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

संतचरित्रांतील श्रमाचा धोका केवळ गोरोबांपुरता नाही. चोखामेळा मंगळवेढे येथे गावकुसाचे काम करीत असता भिंत कोसळून इतर मजुरांसह गाडले गेले. परंपरेने या घटनेचे वर्ष इसवी सन 1338 मानले जाते. नामदेवांनी हाडांतून येणाऱ्या विठ्ठलनामावरून त्यांच्या अस्थी ओळखल्या, ही कथा सर्वश्रुत आहे. त्या ढिगाऱ्यातील इतर हाडांना नाव मिळाले नाही. कामावर झालेले मृत्यू आणि अपंगत्व यांची नोंद मध्ययुगीन मराठी वाङ्मयात अन्यत्र क्वचित सापडते. चमत्काराच्या आवरणाखाली का होईना, संतचरित्रांनी ती ठेवली आहे.

समारोप

तेरणाकाठच्या उद्योगांचा पुरावा दोन ठिकाणी शिल्लक आहे. एक पांढरीच्या मातीत आणि संग्रहालयाच्या कपाटांत, दुसरा भाषेत आणि कथेत. पहिला पुरावा वस्तू दाखवतो, पण घडवणाऱ्याविषयी फार कमी सांगतो. दुहेरी साच्यातील मूर्ती हाती येते, ती दाबणाऱ्या बोटांचे नाव येत नाही. दुसरा पुरावा उलट्या बाजूने बोलतो. गोरोबांचे एकही मडके दाखवता येत नाही, पण ते घडवणाऱ्या घरात पाणी कोण आणत होते, मूल कोण सांभाळत होते आणि हात गेल्यावर काय होणार होते, हे सांगता येते. तगरच्या श्रीमंत उद्योगापेक्षा तेरच्या गरीब बलुतेदाराविषयी आपल्याला अधिक आत्मीय माहिती मिळते, ती वाङ्मयामुळे.

भाषेतील हा पुरावा इतरत्रही शोधता येण्याजोगा आहे. नाशिकच्या लेखातील 'कोलिक' म्हणजे विणकर आणि मराठीत जाळे विणणारा कीटक तो 'कोळी', यांचे नाते तपासण्यासारखे आहे. 'कुंभाराची सून कधी तरी उकिरड्यावर येईलच' या म्हणीमागे आव्यासाठी राख आणि कचरा गोळा करण्याचे स्त्रियांचे श्रम आहेत. पदव्युत्तर वर्गात संतकवींचा अभ्यास करताना त्यांच्या व्यवसायाची प्रक्रिया, उपकरणे आणि शब्द यांची नोंद विद्यार्थ्यांकडून प्रत्यक्ष कारागिरांकडे जाऊन करून घेतली, तर तिचा पाठ्य अभंगांच्या आणि कथांच्या अर्थनिर्णयाला उपयोग होईल. चाकावर बसणाऱ्यांची संख्या घटत असताना हे काम लांबणीवर टाकता येणार नाही. चाक थांबल्यावर 'थापटणे' हा शब्द कोशात राहील. तो कच्च्या मडक्यावर चालतो की पक्क्या, हे सांगणारा हात मात्र राहणार नाही आणि मग नामदेवांच्या परीक्षेचा अर्थही अर्धाच उरेल.